मेंढा (लेखा) : जंगलावरचा हक्क २००९ साली मिळाला, की त्याची सुरुवात फार आधी झाली होती?

प्रश्न : पानगळ (टोपणनाव)

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना साधारण तीस किलोमीटरवर मेंढा हे गोंड वस्तीचे छोटे गाव लागते. शेजारच्या लेखा गावाशी त्याची गट ग्रामपंचायत जोडलेली असल्यामुळे बाहेरच्यांना ते मेंढा (लेखा) या जोडनावानेच माहीत आहे. गावाभोवती सुमारे १८०० हेक्टर जंगल आहे आणि त्यामानाने धानाच्या बांध्या अगदी थोड्या आहेत. वनवासी समाजांचे जंगलावरचे पारंपरिक हक्क मान्य करणाऱ्या वन हक्क कायद्याखाली या जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ साली ग्रामसभेला मिळाला आणि देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते, एवढी माहिती बहुतेक लेखांत सापडते.

मी या गावावर एक दीर्घ टिपण तयार करत आहे आणि माझी अडचण त्या लेखांच्या मांडणीविषयी आहे. त्यांत कायदा येतो, दावा दाखल होतो, हक्क मिळतो, बांबू विकला जातो आणि गावाकडे पैसा येतो, अशा सरळ क्रमाने सगळे सांगितलेले असते. परंतु कायदा साऱ्या देशाला एकाच दिवशी लागू झाला होता; मग इतक्या वनगावांतून नेमके हेच गाव पहिल्या रांगेत कसे आले, याचा उलगडा त्या मांडणीतून होत नाही. म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. या कायद्यापूर्वी जंगलाशी गावाचे कायदेशीर नाते काय होते? त्या आधीच्या वीसपंचवीस वर्षांत गावात असे काय घडले, की कायदा येताच ते दाव्यासाठी तयार होते? आणि हक्क हाती आल्यावर प्रत्यक्षात नेमके काय बदलले? गौरवपर मजकूर भरपूर वाचून झाला आहे. घटनांचा क्रम आणि त्यांची कारणे कळली, तर अधिक उपयोग होईल.

उत्तर : जुनी दप्तरे

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण माझे वाचन महसुली बाजूचे आहे.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर चांदा हा त्यातला एक जिल्हा झाला. या जिल्ह्याच्या पूर्वेकडील जंगलपट्ट्याचा मोठा भाग जमीनदाऱ्यांत विभागलेला होता. आजचा गडचिरोली जिल्हा बहुतांशी याच पट्ट्यातून, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूरपासून वेगळा झाला. जमीनदारीच्या काळात जंगल जमीनदाराचे मानले जाई, पण गावकऱ्यांना घरापुरते लाकूड, सरपण, गवत, बांबू, मोह आणि गुरांची चराई यांची मोकळीक असे, आणि तिच्या मोबदल्यात त्यांना वेठही करावी लागे. या मोकळिकीला निस्तार म्हणतात. हा काळ रम्य होता असे समजण्याचे कारण नाही. मात्र जंगलात जाणे हा गुन्हा आहे, ही कल्पना तेव्हा या पट्ट्यातल्या गावांच्या रोजच्या जगण्यात फारशी शिरलेली नव्हती.

तत्कालीन मध्य प्रदेशाचा मालकी हक्क नष्ट करणारा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला, जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या (सारा गोळा करणाऱ्यांची गावांवरची मालकी) संपल्या आणि त्यांची जंगले सरकारजमा झाली. वेठ गेली हे चांगलेच झाले, पण जंगलाचा मालक म्हणून जमीनदाराच्या जागी वनखाते आले आणि निस्तार हा गावाच्या वहिवाटीचा विषय न राहता सरकारी नोंदीचा विषय झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील १६१ वे कलम निस्तार पत्रकाविषयी (निस्ताराच्या सवलतींची नोंद) आणि १६५ वे कलम वाजिब-उल-अर्जविषयी (गावातल्या रूढ वहिवाटींची नोंद) आहे; ही दोन्ही कागदपत्रे म्हणजे जुन्या वहिवाटीचे उरलेले लेखी रूप होय. दाव्यांच्या कामात पुढे त्यांचा पुरावा म्हणून मोठा उपयोग झाला. आपले टिपण लिहिताना तालुक्याच्या अभिलेखागारात ही दोन पत्रके अवश्य पाहावीत.

दुसऱ्या बाजूने भारतीय वन अधिनियम, १९२७ हा लागू होताच. त्यातील राखीव वन आणि संरक्षित वन यांच्यातला फरक सामान्य वाचकाला किरकोळ वाटतो, परंतु गावकऱ्याच्या दृष्टीने तो सर्वस्वाचा आहे. संरक्षित वनात जे मनाई केलेले नाही ते करता येते, तर राखीव वनात जे स्पष्टपणे मंजूर केलेले नाही ते काहीच करता येत नाही. जंगल एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेले की कालपर्यंत सरपण आणणारी बाई आज अतिक्रमक ठरते, आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. भर म्हणून हेही नोंदवावे, की १९५६ पर्यंत हे गाव मध्य प्रदेशात होते, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. गाव जागचे हलले नाही, पण त्याची कागदपत्रे तीन राज्यांच्या दप्तरांतून फिरली. निस्ताराच्या नोंदी शोधणाऱ्याची दमछाक होते, ती बरीचशी यामुळेच.

उत्तर : मोहटोला

वरील माहिती मोलाची आहे. आपला दुसरा प्रश्न मात्र दप्तरांतून सुटणारा नाही, कारण मेंढ्याची खरी गोष्ट सभांमध्ये घडली आहे आणि तिथे बराच काळ कोणी इतिवृत्त लिहीत नव्हते.

सुरुवात धरणांपासून करावी लागेल. १९८० च्या सुमारास गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन मोठी धरणे योजिली होती आणि त्यांत आदिवासी गावे व जंगल मोठ्या प्रमाणात बुडणार होते. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालश्यामशाह महाराज ही त्यातली सर्वांना ठाऊक असलेली नावे. ती धरणे झाली नाहीत. मेंढा काही बुडीत क्षेत्राच्या काठावर नव्हते, पण या आंदोलनात गेलेली माणसे परत आली ती एक प्रश्न घेऊन : दूरचे सरकार आपल्या जंगलाचा निर्णय आपल्याला न विचारता घेऊ शकते, तर मग आपल्या गावात निर्णय नेमका कोण घेतो? चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल याच सुमारास, आदिवासी गावे आपले प्रश्न स्वतः कसे सोडवतात हे समजून घेण्यासाठी, गावाच्या संपर्कात आले आणि गावातून देवाजी तोफा यांचे नेतृत्व पुढे आले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या काळातली आहे. तिचा पूर्वार्ध लोक उद्धृत करताना गाळतात, आणि तिथेच अर्थाचा घोटाळा होतो. गावाने सरकार नाकारलेले नव्हते; दिल्ली-मुंबईचे सरकारही आमचेच, असे ती घोषणा आधी म्हणते आणि मग गावाच्या वाट्याचा निर्णय गावाकडे मागते.

दुसरा प्रसंग घोटुलाचा. गोंड गावातले घोटुल हे तरुणांच्या एकत्र येण्याचे, शिकण्याचे आणि गाण्या-नाचण्याचे ठिकाण असते. ते मागे पडत चालले होते, म्हणून गावाने ते पुन्हा उभारायचे ठरवले आणि जंगलातले सागवान आणून बांधकाम केले. वनखात्याने ते बेकायदेशीर ठरवून मोडले आणि लाकूड जप्त केले. यावर आसपासच्या गावांनी मेंढ्याची बाजू घेतली आणि त्या गावांतही घोटुले उभी राहू लागली. एका गावावर खटला भरणे सोपे होते, साऱ्या परिसरावर भरणे सोपे नव्हते. घोटुल पुन्हा उभे राहिले. आपल्या जंगलातले लाकूड आपल्या सार्वजनिक कामाला घेणे ही चोरी नव्हे, हे गावाने इथे पहिल्यांदा उघडपणे आणि एकत्रितपणे सांगितले; त्यामुळे हक्काच्या इतिहासात २००९ पेक्षा या प्रसंगाला मी अधिक महत्त्व देतो.

तथापि अशा उठावण्या अनेक गावांत होतात आणि विरून जातात. मेंढ्यात त्या विरल्या नाहीत, याचे श्रेय मी दोन सवयींना देतो. पहिली सवय सर्वसहमतीची. ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो आणि त्याची समजूत पटेपर्यंत, किंवा बाकीच्यांना त्याचे म्हणणे पटेपर्यंत, चर्चा चालू राहते. यात वेळ फार जातो, हे खरे आहे. पण हरलेला गट असा काही उरत नाही, आणि म्हणून ठरलेल्या गोष्टीची अंमलबजावणी करायला पोलीस लागत नाही. दारूबंदीचा निर्णय गावाने असाच घेतला होता. जिल्ह्यात सरकारी दारूबंदी आली ती १९९३ मध्ये. स्त्रियांची सभेतली उपस्थितीही याच काळात रुजली, आणि दारूच्या प्रश्नावर त्यांनी धरलेला आग्रह हे तिचे मोठे कारण होते.

दुसरी सवय अभ्यास गटाची. ग्रामसभा निर्णय घेते, पण ती ज्या विषयावर निर्णय घेणार त्यावर आधी काही जण बसून माहिती गोळा करतात, कायदे वाचतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात आणि त्याला उलट प्रश्नही विचारतात. अभ्यास गटाला निर्णयाचा अधिकार नसतो आणि सभेला अभ्यासाविना बोलण्याची मुभा राहत नाही, अशी ही विभागणी आहे. शाळेची पायरी फारशी न चढलेली माणसे कायद्याच्या कलमांवर अधिकाऱ्यांशी बोलतात, याचे पाहुण्यांना आश्चर्य वाटते; त्यामागे या बैठका आहेत.

जंगलाच्या बाबतीत या सवयींचा परिणाम असा झाला, की गावाने स्वतःवरही बंधने घातली. घरासाठी लाकूड हवे असल्यास सभेला विचारायचे, फळासाठी झाड तोडायचे नाही आणि जंगलावर पाळीने लक्ष ठेवायचे, असे नियम कोणत्याही कायद्याने सांगण्यापूर्वी पाळले जाऊ लागले. त्या काळी कागद कारखान्याला सरकारने दीर्घ मुदतीच्या कराराने बांबू दिलेला होता. टोपली, चटई, कुंपण आणि घराचे छप्पर यांसाठी गावाला लागणारा बांबू त्यात संपू लागल्यावर गावाने ती तोड अडवली. पुढे १९९० च्या दशकात संयुक्त वन व्यवस्थापनाची, म्हणजे वनखाते आणि गाव यांनी मिळून जंगल राखण्याची, योजना आली. ती मुळात उजाड झालेल्या जंगलांसाठी होती आणि मेंढ्याचे जंगल चांगले, उभे होते. ज्यांनी जंगल राखले त्यांना योजनेत जागा नाही आणि ज्यांचे उजाड झाले त्यांना आहे, हा उफराटा न्याय गावाने चिकाटीने मांडला आणि अखेर मेंढ्याचा त्या योजनेत समावेश झाला. हा तपशील आपल्या टिपणात जरूर यावा. वन हक्क कायदा आला तेव्हा हे गाव आपल्या जंगलाचे व्यवस्थापन करण्यात मुरलेले होते.

उत्तर : मानवेल

तिसऱ्या प्रश्नाविषयी. मोहटोला यांच्याशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु त्यांच्या मांडणीमुळे २००९ च्या हक्काचे महत्त्व कमी लेखले जाण्याचा संभव आहे. एकजुटीच्या बळावर गावाला तोड अडवता येत होती, राखण करता येत होती, आपल्या घरापुरते आणता येत होते. विकणे मात्र एकजुटीच्या बळावर शक्य नव्हते. वनोपज गावाच्या हद्दीबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवाना नसलेला ट्रक पहिल्याच नाक्यावर अडतो. तिथे कागदच लागतो.

आणि कागद मिळाल्यावरही तो लगेच चालला नाही. वन हक्क कायद्यात गौण वनोपजाच्या (इमारती लाकूड वगळता जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंच्या) व्याख्येत बांबूचे नाव स्पष्ट घेतलेले आहे. उलट १९२७ च्या अधिनियमात बांबू झाडाच्या व्याख्येत होता, आणि त्याचा आधार घेऊन तो इमारती लाकडासारखा समजला जाई. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत आहे, हे शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. पण या व्याख्येच्या जोरावर हक्क मिळालेल्या ग्रामसभेला वाहतूक परवाना नाकारला जात होता. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बांबूला गौण वनोपज मानावे असे मुख्यमंत्र्यांना कळवले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी त्यांच्या व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढ्याच्या ग्रामसभेला वाहतूक परवान्यांचे पुस्तक देण्यात आले. ग्रामसभेच्या समितीने असा परवाना देण्याची तरतूद वन हक्क नियमांत आली ती सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने. म्हणजे मेंढ्यात आधी घडले आणि नियमात नंतर उतरले. १९२७ च्या अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून बांबू निघण्यासाठी तर २०१७ साल उजाडावे लागले.

विक्री सुरू झाल्यावर गावाला हंगामी मजुरी गावातच मिळू लागली आणि कोणता बांबू तोडायचा हेही गावच ठरवू लागले. बांबूच्या बेटात नवे वास्ते (कोंब) आणि कोवळे बांबू राखून जुनेच काढायचे असतात; ठेकेदाराच्या माणसाला बेटाच्या पुढच्या वर्षाशी काही देणेघेणे नसते, गावाला असते. दर, मोजणी, मजुरीचे वाटप आणि हिशेब हे सारे सभेपुढे येते. एरवी सामूहिक मालकीची गावे हिशेबाच्या वहीवरच फुटतात, त्यामुळे उत्पन्नाच्या आकड्यांपेक्षा या वहीकडे लक्ष द्यावे असे मी सुचवेन.

उत्तर : पडीक

थोडा विरोधी सूर लावतो. मेंढ्याची लोकसंख्या पाचशेच्या आसपास, सारे गाव बहुतांशी एकाच समाजाचे, भाषा एक, आणि माणशी जंगल भरपूर. सर्वसहमती तिथे शक्य झाली यात सामाजिक रचनेचा मोठा वाटा आहे. दोन-तीन हजार वस्तीच्या, पाचसहा जातींच्या, जमिनीची विषम वाटणी असलेल्या गावाला हाच मार्ग दाखवणे अन्यायाचे होईल. शिवाय गडचिरोली जिल्ह्यात पुढे हजाराहून अधिक गावांना सामूहिक वन हक्क मिळाले, त्या सगळ्यांच्या मागे पंचवीस वर्षांच्या सभा नव्हत्या. म्हणजे पूर्वतयारीविनाही हक्क मिळू शकतो.

उत्तर : मोहटोला

पडीक यांचा मुद्दा निम्मा मान्य आहे. हक्क मिळण्यासाठी पूर्वतयारी अनिवार्य नाही. मिळालेल्या हक्काचे काय करायचे हे ठरवण्यासाठी ती लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव पाहावे. तिथल्या ग्रामसभेला २०१२ मध्ये हक्क मिळाला आणि तिनेही बांबूवर उपजीविका उभी केली. पण तेंदूपत्ता (विडीसाठी लागणारे पान) मात्र तोडायचा नाही असे तिने ठरवले, कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात आणि नवी पालवी यावी म्हणून आगी लावल्या जातात. हाती येणारा रोख पैसा सोडण्याचा निर्णय कोणत्याही कायद्याने सांगितलेला नव्हता. ज्या गावांत सभा नावापुरती राहिली, तिथे हक्क ग्रामसभेचा असूनही व्यवहार ठेकेदाराने ठरवलेल्या अटींवर चालतो, हे तेंदूच्या हंगामात कोणालाही दिसेल. लहान वस्तीचा मेंढ्याला फायदा झाला, हे खरेच आहे. म्हणूनच मोठ्या महसुली गावाऐवजी टोला-पाड्याची वेगळी ग्रामसभा भरवण्याची मागणी या भागात होत आली आहे, आणि अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यातली गावाची व्याख्याही वस्ती, पाडा किंवा त्यांचा समूह अशीच आहे.

प्रश्नकर्त्याची पुरवणी : पानगळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या टिपणाचा आराखडा आता बदलावा लागेल आणि घोटुलाचा प्रसंग मी अग्रभागी घेईन. एक शंका उरते. जंगल सामूहिक झाल्यानंतर २०१३ मध्ये मेंढ्याने शेतीही ग्रामदानात दिली असे वाचले आहे. जंगल कधीच कोणा एकाचे नव्हते, त्यामुळे ते समजते. पण बांध्या तर घरोघरच्या होत्या. आपल्या नावावरची जमीन लोकांनी गावाच्या नावावर का केली असेल?

उत्तर : जुनी दप्तरे

ग्रामदान म्हणजे सामूहिक शेती असा समज असतो, तो आधी दूर करायला हवा. विनोबांच्या भूदानातून निघालेल्या या कल्पनेला महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ ने कायद्याचे रूप दिले. त्यानुसार मालकी गावाकडे जाते, परंतु कसणारे कुटुंब आपापली जमीन कसत राहते आणि ती वहिवाट पुढच्या पिढीकडेही जाते. जाते ती मुख्यतः गावाबाहेरच्या माणसाला जमीन विकण्याची मोकळीक. कोरडवाहू धान, एका पावसावर अवलंबून असलेले पीक, घरात आजारपण किंवा लग्न निघाले की जमीन गहाण पडण्याची भीती, अशा परिस्थितीत ही मोकळीक म्हणजे बहुतेकदा जमीन गमावण्याचीच वाट असते. शेजारी रस्ता असेल आणि जमिनीला भाव येऊ लागला असेल तर अधिकच.

मेंढ्यात जंगल आणि शेत हे हिशेब कधीच वेगळे नव्हते. बांध्यांना राब (रोपांच्या जागी जाळायचा पालापाचोळा) आणि कुंपण जंगलातून येते, गुरे जंगलात चरतात, धान कमी पिकले की मोह आणि तेंदू घर चालवतात. जंगलाचा निर्णय सभेने घ्यायचा आणि त्याला लागून असलेले शेत मात्र बाहेरचा कोणी विकत घेऊ शकतो, ही विसंगती अभ्यास गटासमोर आल्यावर हा विषय सर्वसहमतीला गेला. त्यात वेळ गेला, आणि प्रशासकीय मान्यतेची वाट तर त्यानंतरही अनेक वर्षे पाहावी लागली. आपण अभिलेखागारात जाणारच असाल, तर निस्तार पत्रकासोबत ग्रामदानाच्या ठरावाची प्रतही मागून घ्यावी. जंगलाची नोंद आणि शेतीची नोंद शेजारी ठेवून वाचली, तर गावाची सलग कहाणी आपल्याला मांडता येईल.